पिरॅमिड कसे आणि कशासाठी बांधले? शाळेच्या प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनात गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं मॉडेल मांडायचं आहे. बघायला येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरंही मुलांनीच द्यायची आहेत. अडचण अशी, की त्यांनी गोळा केलेली निम्मी माहिती मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातली आहे. परग्रहावरच्यांनी बांधलं, लाखभर गुलामांना चाबकाखाली राबवलं, आत वीज तयार व्हायची, दोन दगडांच्या मध्ये सुईसुद्धा जात नाही, वगैरे. यातलं खरं किती ते आकड्यांसकट आणि पुराव्यांसकट हवंय. पाया कसा घेतला, दगड कशानं फोडला, वर कसा चढवला, काय फसलं आणि का फसलं, आणि मुळात एवढा खटाटोप कशासाठी? मॉडेलची मापं कुणी काढून दिली तर फार बरं होईल. जागा अर्ध्या टेबलाची आहे.

ओळंबा, लातूर

सर, आधी ढोबळ मापं घ्या. खुफू राजाचा पिरॅमिड, चौथं राजघराणं, इ.स.पू. २५६० च्या सुमारास पूर्ण. पायथ्याची बाजू २३०.३ मीटर, मूळ उंची १४६.६ मीटर, आज राहिलेली साधारण १३८.५. दगड सुमारे २३ लाख, एकूण वजन ६० लाख टनांच्या घरात.

आता पाया. या वजनाला पायथ्याच्या क्षेत्रफळानं भागलं तर चौरस मीटरला सरासरी ११० टन येतात आणि मध्यभागी त्याच्या तिप्पट. एवढा भार घ्यायला खाली अखंड खडकच पाहिजे. गिझाचं पठार चुनखडीचं आहे. तिथं खडकाचा एक उंचवटा होता, तो त्यांनी तासून काढला नाही. तसाच पोटात ठेवला आणि भोवतीनं फक्त कडेची पट्टी सपाट केली. दगड वाचला, पण एक अडचण झाली: मध्ये टेकाड असल्यामुळं कर्ण मापता येईना. आपण प्लॉटची आखणी करताना दोन्ही कर्ण मापून काटकोन तपासतो, ती सोय त्यांना नव्हती. तरीही चारही बाजूंच्या लांबीत पाच सेंटिमीटरपेक्षा कमी फरक आहे, आणि कडेच्या फरसबंदीची पातळी साधारण दोन सेंटिमीटरच्या आत राखलेली आहे. उत्तर दिशेत चूक जेमतेम ३ ते ४ मिनिटांची, म्हणजे एका अंशाच्या पंधराव्या भागाएवढी. हत्यारं म्हणाल तर ओळंबा, गुण्या, हाताच्या मापाची काठी, इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करून तिच्या टोकाला टांगलेला ओळंबा, आणि सारख्या उंचीच्या काठ्यांना ताणलेली दोरी. दिशा ताऱ्यांवरून किंवा सूर्याच्या सावलीवरून साधता येते. दोन्ही पद्धती आजच्या अभ्यासकांनी करून पाहिल्या आहेत आणि दोन्हींनी एवढी अचूकता मिळते.

उताराचं गणित मुलांना जरूर शिकवा. त्यांचा राजहस्त साधारण ५२.४ सेंटिमीटरचा. एका हातात ७ तळवे, एका तळव्यात ४ बोटं, म्हणजे एक हात २८ बोटांचा. उतार ते अंशात मोजत नसत. एक हात वर गेलं की किती तळवे आत सरकायचं, एवढंच सांगत. त्याला सेकेद म्हणत. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद साडेपाच तळवे, म्हणजे २८ बोटं वर, २२ बोटं आत. या मापाचा लाकडी गुण्या करून प्रत्येक घडीव दगडाच्या तोंडाला लावून पाहायचा, बस्स. कोन आपोआप ५१ अंश ५० मिनिटं येतो. पायथा ४४० हात, उंची २८० हात. 'पिरॅमिडमध्ये पाय (π) दडलाय' म्हणतात तो इथूनच निघतो. परिमितीला उंचीच्या दुपटीनं भागा, २२/७ येतात, कारण गुण्यातच २२ आणि २८ आहेत. शेजारच्या खाफ्राच्या पिरॅमिडला सेकेद सव्वापाच घेतला, तिथं पाय येत नाही.

फसलं काय, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. खुफूचं काम जमलं ते त्याचा बाप स्नेफेरू याच्या कामांत आधी चुका होऊन गेल्या होत्या म्हणून. मैदूमला आधी पायऱ्यांचा पिरॅमिड होता. नंतर पायऱ्या भरून बाहेरून सपाट केला. पायऱ्यांची तोंडं घासून गुळगुळीत केलेली, आणि नवा भराव त्या गुळगुळीत तोंडाला नुसता टेकवलेला. शिवाय त्या बाहेरच्या भरावाचा पाया काही ठिकाणी खडकावर नव्हता, वाळूवर होता. बाहेरचा सगळा पदर सुटून खाली आला, आज मधला मनोरा तेवढा उभा आहे. १९९३ मध्ये किल्लारीला दगडमातीच्या दोन पदरी भिंती अशाच फुटल्या होत्या: आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना धरणारा आरपार दगड नाही. मैदूमचा पदर एका दिवसात आला की शतकानुशतकं ढासळत राहिला यावर वाद आहे. सांधा कच्चा होता, यावर वाद नाही.

दुसरा दहशूरचा वाकडा पिरॅमिड. पाया वाळू, गोटे आणि चिकणमातीवर. चढ आधी साठ अंशांच्या जवळपास धरला होता. जमीन बसू लागली, आतल्या दालनांना भेगा पडल्या. मग भोवतीनं दगडाचा पट्टा घालून पायथा रुंद केला आणि चढ ५४ अंशांवर आणला. वरच्या दालनात देवदाराचे ओंडके आडवे टाकले, ते आजही तिथं आहेत. तरी भागेना, म्हणून साधारण ४७ मीटरवर आल्यावर चढ एकदम ४३ अंशांवर उतरवला. कोन बदलला की वरचं वजन घटतं, हा सरळ हिशोब. शिवाय खालचे थर आतल्या बाजूला कलते घातले होते, वरचे आडवे सपाट घातले. त्यानंतरचा लाल पिरॅमिड पहिल्यापासूनच ४३ अंशांचा, थर सपाट, पायथा २२० मीटर. तो उभा राहिला. खुफूच्या माणसांनी पक्का खडक निवडला, थर सपाट घातले आणि मगच चढ पुन्हा ५२ अंशांपर्यंत नेला. परग्रहावरून कुणी आलं असतं तर आधी दोन चुका कशाला केल्या असत्या? तुमच्या तक्त्यावर हे चार पिरॅमिड ओळीनं काढा, लोक तिथंच थांबतील.

खदान, जालना

दगडाबद्दल मी लिहितो. सगळा पिरॅमिड एका दगडाचा नाही, तीन प्रकार आहेत, आणि गोंधळ इथंच होतो.

पोटातला दगड तिथल्याच पठारावरची चुनखडी. खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला काही शे मीटरवर, आजही दिसते. या चुनखडीत मधेमधे मऊ, मातकट थर असतात. चारी बाजूंनी माणूस वाकून उभा राहील एवढी चर खोदायची, खालच्या मऊ थरात लाकडाचे दांडे घालून उचकटायचं. दगड थरातून सुटतो, फोडावा लागत नाही. थराची जाडी जशी असेल तशी दगडाची उंची, म्हणून पिरॅमिडचे थर एकसारखे नाहीत. पहिला थर दीड मीटर उंच, वर गेल्यावर बरेच थर अर्ध्या-पाऊण मीटरचे. 'प्रत्येक दगड अडीच टन' ही नुसती सरासरी आहे.

बाहेरचा पांढरा दगड नाईलपलीकडच्या तुरा इथला. दाणा बारीक, पॉलिश चांगलं येतं. सुई न जाणारे सांधे या बाहेरच्या चिऱ्यांचे. ते सरासरी अर्ध्या मिलिमीटरचे आहेत, हे खरं आहे. पण आत भरणीचे दगड ओबडधोबड आहेत, मधल्या फटी खडी आणि जिप्समच्या गाऱ्यानं भरलेल्या. बाहेरचा दगड मध्ययुगात कैरोच्या बांधकामांना काढून नेला, त्यामुळं आज आपण आतली भरणी बघतो.

गारा जिप्समचाच का? चुना भाजायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, जिप्समला दीडशे पुरते. जळण तिकडं कमी, म्हणून जिप्सम. बाहेरच्या चिऱ्यांना हा गारा चिकटवायला कमी आणि सरकवायला जास्त वापरला. ओला असताना कित्येक टनांचा दगड त्यावरून रेटून नेमका जागेवर बसवता येतो. तो घट्ट व्हायच्या आत बसवला नाही तर दगड तिथंच अडला. या गाऱ्यात भट्टीतल्या कोळशाचे कण सापडतात. त्यांची रेडिओकार्बन तपासणी १९८४ आणि १९९५ मध्ये झाली. वय अपेक्षेपेक्षा शेदोनशे वर्षांनी, पहिल्या वेळी तर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी जुनं निघालं, कारण जळणात जुनं लाकूड गेलेलं. पण दहा-बारा हजार वर्षांचे जे दावे फिरतात, त्यांना तिथं जागा नाही.

चुनखडीला तांब्याची छिन्नी चालते. तांब्यात थोडं आर्सेनिक असलं की ते आणखी कडक होतं. पण धार लवकर मरते, म्हणून खाणीवर छिन्न्या शेकवून धार लावणारे सतत लागत. तांबं सिनाईतून यायचं.

तिसरा ग्रॅनाइट, अस्वानचा, नदीनं ८०० किलोमीटरहून जास्त लांब. राजाच्या दालनाचं छत नऊ तुळयांचं आहे. दालनासाठी आणि त्यावरच्या कप्प्यांसाठी वापरलेल्या तुळया २५ टनांपासून काही ५०-६० टनांपलीकडच्या. तांब्यानं ग्रॅनाइट तुटत नाही. मग कसं केलं? डोलेराइट नावाच्या काळ्या, आणखी कठीण दगडाचे गोटे हातात धरून ठेचायचं, दगडाची पूड करत खाली जायचं. अस्वानला अर्धवट सोडलेला ४२ मीटरचा एक स्तंभ खाणीतच पडून आहे. तो पिरॅमिडांच्या हजारभर वर्षांनंतरचा, पण पद्धत तीच. चराच्या तळाला माणसामाणसाच्या वाट्याचे खड्डे ओळीनं दिसतात. मध्येच तडा गेला म्हणून काम सोडलं. पुष्कळ मेहनत गेल्यावर दगडाची शीर उघडी पडणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा तोटा. कापायला बिनदात्यांची तांब्याची पट्टी आणि खाली वाळू. कापते ती वाळू, पट्टी नुसती तिला दाबून फिरवते. राजाच्या दालनातल्या शवपेटीवर करवतीच्या खुणा आहेत, एका ठिकाणी करवत वाकडी गेल्यावर मागं घेतलेलीही दिसते.

एक गोष्ट तक्त्यावर लिहू नका: लाकडाच्या पाचरी ओल्या करून ग्रॅनाइट फोडला, ही. अस्वानला ज्या पाचरींच्या खाचांचे फोटो दाखवतात त्या लोखंड आल्यानंतरच्या काळातल्या. वेरूळला आपल्या माणसांनी कैलास कोरला तेव्हा हातात पोलादी छिन्नी होती, खुफूच्या माणसांकडं लोखंडी हत्यारं नव्हती. दोन्हींची तुलना करायची तर हा फरक ध्यानात ठेवून करा.

अंबाजोगाईकर

मनापासून आभार. मुलांचा पुढचा प्रश्न: २३ लाख दगड वीस वर्षांत म्हणजे दर दोन-तीन मिनिटांना एक. हे माणसाच्या हातून होईल का? आणि रॅम्प सरळ होता की गोल?

ओळंबा, लातूर

मुलांचा हिशोब बरोबर आहे. वीस वर्षं धरली तर दिवसाला ३१५ दगड, दहा तासांच्या दिवसात दर दोन मिनिटांना एक. खुफूच्या राज्याची २६-२७ वर्षं कागदोपत्री सापडतात, तेवढी धरली तर दिवसाला २३५-२४०. ऐकायला अशक्य वाटतं, कारण आपण एकाच वाटेनं एकेक दगड चाललाय असं डोळ्यांपुढं आणतो. पायथा तेरा एकरांचा आहे. खालच्या थरांत एकाच वेळी कितीतरी टोळ्या चारी बाजूंनी दगड आणू शकतात.

आता नववीच्या मुलांना येईल असं गणित. पिरॅमिडच्या वरच्या भागाचं घनफळ उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. खालच्या एक तृतीयांश उंचीत, म्हणजे पहिल्या ४९ मीटरमध्ये, १९/२७ म्हणजे ७० टक्के दगड बसतो. अर्ध्या उंचीपर्यंत साडेसत्याऐंशी टक्के. वरच्या सगळ्या अर्ध्यात उरतात फक्त साडेबारा. राजाच्या दालनाची फरशी ४३ मीटरवर आहे, तिथं पोचेपर्यंत ६५ टक्के काम उरकलेलं. म्हणजे रुंद, दणकट रॅम्प लागतो तो पहिल्या पन्नासेक मीटरपर्यंत.

सरळ रॅम्प शेंड्यापर्यंत का नेला नसणार? दहा टक्के चढ धरला तरी लांबी दीड किलोमीटर होते आणि भराव पिरॅमिडशी बरोबरी करू लागतो. दक्षिणेला खाणीचा खड्डा आहे, एवढी जागाही नाही. पिरॅमिडला गुंडाळत जाणाऱ्या रॅम्पची अडचण वेगळी: चारही कोपरे झाकले जातात आणि कोपऱ्यांवर नजर नसेल तर शेंडा एका जागी येणार नाही. कोपऱ्यावर जड घसरगाडी वळवणंही अवघड. माझं मत असं, की खाली खाणीकडून सरळ रॅम्प आणि वर कडेनं जाणारे अरुंद रॅम्प, शेवटी तरफा. नेमकी रचना गिझाला शिल्लक नाही, ती काम संपल्यावर काढूनच टाकावी लागते. पण मलब्याच्या राशी खाणीत भरलेल्या सापडल्या आहेत.

ओढायचं कसं तेही सांगतो. चाकं नाहीत, लाकडाची घसरगाडी. जेहूतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ.स.पू. १९०० च्या सुमाराचं चित्र आहे: सुमारे ५८ टनांचा पुतळा, १७२ माणसं दोरांना, आणि एक जण पुढं उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात हे तपासलं. वाळू योग्य प्रमाणात ओली असली की ओढायला लागणारं बळ जवळजवळ निम्मं होतं. कोरडी वाळू गाडीपुढं ढीग करते, फार ओली झाली की गाडी रुतते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरा. अडीच टनांच्या दगडाला सपाटीवर ७५० किलोचं बळ, दहा टक्के चढावर आणखी २५०. माणशी २५-३० किलो धरलं तर ३५-४० जणांची टोळी झाली.

खदान, जालना

ओळंबा दादा, दहा टक्क्यांचा हिशोब सगळेच करतात, पण इजिप्तमधलं हतनूब विसरू नका. तिथल्या अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या खाणीत २०१८ मध्ये खुफूच्या काळाचा रॅम्प सापडल्याचं जाहीर झालं. चढ वीस टक्के किंवा जास्तच, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि ठरावीक अंतरावर खांबांची भोकं. दोर खांबाला वळसा घालून घेतला की काही माणसं खाली उतरत ओढू शकतात आणि दगड वर सरकतो, गाडी मागं घसरायची भीतीही कमी. हा चढ चालत असेल तर तुमच्या रॅम्पची लांबी निम्मी आणि भराव निम्म्याहूनही कमी. पिरॅमिडवर हेच वापरलं असा पुरावा नाही, पण त्या काळच्या माणसांना हे येत होतं एवढं पक्कं.

वेरूळवाट, छत्रपती संभाजीनगर

गुलाम, वीज आणि 'कशासाठी' या तिन्हींची उत्तरं माणसांच्या मागं लागलं की मिळतात, म्हणून तिथून सुरू करतो.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फ इथं पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे त्या काळच्या कागदाचे, तुकडे मिळाले. आजवर सापडलेल्या लिहिलेल्या पपायरसांत हे सर्वांत जुने. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली ४० च्या आसपास माणसं. काम काय, तर तुऱ्याची चुनखडी होडीत भरायची, नाईल आणि कालव्यांनी गिझाला पोचवायची, रिकामी होडी घेऊन परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रात्री कुठं मुक्काम केला, कुठल्या दिवशी दगड भरला, सगळं ओळीनं टिपलेलं. वर देखरेख अंखहाफची, हा खुफूचा सावत्र भाऊ. मजुरांच्या धान्याचे हिशोबही त्याच कागदांत आहेत. खुफूच्या शेवटच्या वर्षांतले हे कागद, म्हणजे पिरॅमिडचं काम चालू असतानाचे. यापेक्षा थेट पुरावा कुठल्याही प्राचीन बांधकामाला मिळणं कठीण.

पठाराच्या दक्षिणेला मजुरांची वसाहत पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी खणली. लांबट निवाऱ्यांच्या ओळी, भाकरी भाजायच्या मोठ्या साच्यांच्या भट्ट्या, माशांचे काटे, गुरं आणि शेळ्यामेंढ्यांची ढीगभर हाडं. १९९० मध्ये शेजारीच मजुरांचं कब्रस्तान सापडलं. सांगाड्यांच्या पाठीचे मणके झिजलेले, हातापायांची मोडलेली हाडं नीट जुळलेली, एकदोघांचे अवयव कापूनही ते पुढं जगलेले. म्हणजे औषधोपचार होता. गुलामांना कुणी राजाच्या पिरॅमिडजवळ थडगी बांधून, सोबत भाकरी-बिअरची भांडी ठेवून पुरत नाही. सक्ती नव्हती असं मात्र लिहू नका. गावागावांतून पाळीनं माणसं आणायची ती वेठबिगारीच होती, तिच्याबरोबर शिधा आणि निवारा होता एवढंच. लाख माणसांचा आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा, तो खुफूनंतर दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेला. आजचे अंदाज वीस-पंचवीस हजारांचे, त्यात कायमचे कसबी कारागीर चार-पाच हजार.

टोळ्यांना नावं होती. राजाच्या दालनावर पाच बुटके कप्पे आहेत, भार बाजूला वळवण्यासाठी. वरचे चार १८३७ मध्ये सुरुंग लावून उघडले. आत तांबड्या रंगात टोळ्यांची नावं आणि खुफूचं नाव लिहिलेलं आहे, 'खुफूचे मित्र' अशा धर्तीचं. काही अक्षरं दगडांच्या सांध्यांत शिरलेली, म्हणजे दगड बसवायच्या आधी लिहिलेली. नंतर कुणी रंगवलं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आता कशासाठी. थडग्यासाठी, पण एकट्या थडग्यापुरता विचार केला तर फसगत होते. प्रत्येक पिरॅमिड हा एका मोठ्या मांडणीचा भाग आहे: खाली पाण्याकाठी दरीतलं मंदिर, तिथून वर येणारा दगडी रस्ता, पिरॅमिडच्या पूर्वेला पूजेचं मंदिर, राण्यांचे छोटे पिरॅमिड, होड्यांचे खड्डे. खुफूच्या दक्षिण बाजूला १९५४ मध्ये अशा खड्ड्यात देवदाराची ४३ मीटर लांबीची होडी १,२२४ तुकड्यांत रचून ठेवलेली मिळाली. राजा मेल्यावर सूर्याबरोबर आणि न मावळणाऱ्या उत्तरेच्या ताऱ्यांबरोबर राहतो ही श्रद्धा. पिरॅमिडचं नावच 'खुफूचं क्षितिज' होतं. पुजाऱ्यांना जमिनी लावून दिल्या जात आणि राजा गेल्यावरही नैवेद्य चालू राही.

मोठ्या पिरॅमिडच्या आत भिंतींवर काही कोरलेलं नाही, म्हणून लोक शंका घेतात. कोरायची रीत नंतरची, पाचव्या राजघराण्याच्या शेवटच्या उनास राजापासून, इ.स.पू. २३५० च्या सुमारास. सक्कारातल्या त्याच्या पिरॅमिडच्या भिंती राजाला आकाशात चढवणाऱ्या मंत्रांनी भरलेल्या आहेत. हेतू तिथं शब्दांत लिहिलेलाच आहे. खुफूच्या दालनात ग्रॅनाइटची शवपेटी आहे. चढत्या वाटेच्या तोंडापेक्षा ती किंचित रुंद, म्हणजे दालन बंद व्हायच्या आधीच ठेवलेली. मृतदेह मिळाला नाही कारण थडगं फार पूर्वीच लुटलं गेलं. लुटीला कंटाळूनच पुढचे राजे डोंगरातल्या लपवलेल्या थडग्यांकडं वळले.

विजेच्या दाव्याला मुलांनी एकच प्रतिप्रश्न विचारावा: तार, धातूचा सांधा, जळाल्याची खूण, यातलं काय मिळालं? उलट या पिरॅमिडच्या आधीचे आणि नंतरचे कित्येक पिरॅमिड शवपेट्यांसकट समोर आहेत. इतरांना थडगं म्हणायचं आणि मधल्या एकाला वीजकेंद्र, हे कसं चालेल? २०१७ मध्ये आकाशातून येऊन दगडातूनही आरपार जाणाऱ्या म्यूऑन कणांच्या मोजणीतून मोठ्या गॅलरीच्या, म्हणजे राजाच्या दालनाकडं चढत जाणाऱ्या उंच वाटेच्या, वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी दिसली आणि २०२३ मध्ये उत्तर दाराच्या मागं ९ मीटरची वाट. त्यांचा उपयोग काय यावर काम चालू आहे. गुप्त खजिना म्हणून खपवू नका.

कातरकाम, नांदेड

मॉडेलची मापं देतो, प्रमाण १:५०० घ्या. पायथा ४६ सेंटिमीटर, उंची २९.३. पुठ्ठ्याचे चार त्रिकोण कापायचे असतील तर त्रिकोणाची उंची २९.३ घेऊ नका. ती पिरॅमिडची उभी उंची आहे. तिरप्या तोंडाची उंची ३७.३ येते. चुकून २९.३ चे त्रिकोण कापले तर पिरॅमिड जोडल्यावर १८ सेंटिमीटरचाच होतो, आणि प्रदर्शनात निम्मे पिरॅमिड असे बसकेच असतात. थर्माकोलच्या एक सेंटिमीटरच्या चकत्या रचणार असाल तर प्रत्येक वरची चकती खालचीपेक्षा एकूण १.५७ सेंटिमीटरनं लहान, म्हणजे दर बाजूला ०.७९ आत. हाच तो २८ आणि २२ चा सेकेद.

आतली दालनं दाखवायला पिरॅमिड बरोबर मधोमध कापू नका. सगळ्या वाटा एकाच उभ्या पातळीत आहेत, पण ती पातळी मध्यरेषेच्या ७.३ मीटर पूर्वेला आहे. म्हणून काप शेंड्याच्या दीड सेंटिमीटर पूर्वेला घ्या आणि पूर्वेकडचा तुकडा काढून ठेवा. कापलेलं तोंड वर टोकदार येणार नाही, साडेसत्तावीस सेंटिमीटरवर तीनेक सेंटिमीटरची सपाट कड येईल आणि शेंडा मागं दिसेल. बरोबर तेच आहे, घाबरू नका. पूर्वेकडून बघताना उत्तर उजव्या हाताला येते.

उजव्या तिरप्या कडेवर ३.४ सेंटिमीटर उंचीला दार. तिथून २६.५ अंशांनी खाली जाणारी वाट २१ सेंटिमीटर, जमिनीखाली ६ सेंटिमीटरवर संपते, तिथं जमिनीखालचं दालन. म्हणजे खालचा पाट किमान सात-आठ सेंटिमीटर जाड हवा. या वाटेवर दारापासून ५.६ सेंटिमीटरवर वर जाणारा फाटा फुटतो: २६ अंश, ७.८ सेंटिमीटर, मग त्याच चढानं मोठी गॅलरी ९.३ सेंटिमीटर. गॅलरी सुरू होते तिथून आडवी वाट राणीच्या दालनाकडं, उंची ४.२. गॅलरीच्या वरच्या टोकापासून थोडं दक्षिणेला राजाचं दालन, फरशी ८.६ वर. दालन २.१ बाय १ सेंटिमीटर, लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे कापलेल्या तोंडापासून आत जाणारी. त्यावर पाच कप्पे पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी करा, वरच्याला दोन उतारांचं छप्पर. राजाच्या दालनाच्या नऊही तुळयांना दक्षिण भिंतीजवळ तडे आहेत. जागा असेल तर तिथं पेन्सिलीनं रेघ ओढा, ओळंबा दादांनी सांगितलेला भार खचल्याचा मुद्दा तिथं डोळ्यांना दिसेल.

रंगाचं आधी ठरवा. खुफूच्या काळचा दाखवायचा तर गुळगुळीत पांढरा आणि २९.३ उंचीला टोकदार. आजचा दाखवायचा तर तपकिरी, पायऱ्यापायऱ्यांचा आणि २७.७ वर वरून सपाट. तपकिरी पायऱ्या आणि वर अणकुचीदार टोक, असा पिरॅमिड गिझाला कुठल्याच काळात नव्हता.

अंबाजोगाईकर

सगळं उतरवून घेतलं. पूर्वेकडचा तुकडा सुटा ठेवून बिजागरीनं जोडला तर चालेल का? म्हणजे बाहेरून पांढरा पूर्ण पिरॅमिड आणि उघडला की आतलं.

कातरकाम, नांदेड

चालेल की. बिजागरी खाली पाटाला लावा, थर्माकोलला धरणार नाही. तुकडा तुमच्याकडं आडवा उघडू द्या. आणि पांढरा ऑइल पेंट थर्माकोलला मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉलनं कागद चढवा, मग पोस्टर कलर.